परसातल्या कोंबड्या (लेखांक ६) : ऊब सुटल्यानंतरचा महिना

पशुसंवर्धन विभागाच्या परसातल्या कोंबड्यांच्या योजनेत दोन प्रकारचे गट मिळतात. एकात शंभर एकदिवसीय पिल्लं असतात. दुसऱ्यात आठ ते दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, आणि तीन नर. पहिल्यांदा कोंबड्या पाळणाऱ्याला शंभराचा आकडा मोठा वाटतो आणि तो पिल्लांकडे वळतो. या दोन गटांमधला फरक म्हणजे आठ-दहा आठवड्यांची मेहनत आणि जागा. त्यातले पहिले तीन आठवडे, म्हणजे बल्ब, ऊब, चिक गार्ड हे सगळं मागच्या लेखांकात झालं. आज त्यानंतरचा महिना. माझं मत सांगतो: पिल्लं हातची जातात ती बहुतेक याच महिन्यात, कारण ऊब सुटली की मालकाचं लक्षही सुटतं.

तीन आठवड्यांचं पिल्लू दिसायला धीट असतं. पंखांना पिसं फुटलेली असतात, शेपटी वर आलेली असते आणि पुठ्ठ्याच्या खोक्याच्या काठावर ते सहज उडी मारून बसतं. पण उचलून पोट पाहा, तिथे अजून लवच असते. पिसं आधी पंखांना आणि शेपटीला येतात, छाती-पोट मागाहून भरतं. अंग पुरतं झाकायला साधारण सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरेनहाइट आणि पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी, हा हिशेब मांडला तर सहाव्या आठवड्यात ७० अंश येतात. ते तापमान आपल्याकडे बहुतेक महिने घरातच असतं. म्हणून चौथ्या आठवड्यापासून दिवसा बल्ब लागत नाही. थंडीत रात्री मात्र लागतो. खुडूक कोंबडीही हाच हिशेब पाळते. दीड-दोन महिने पिल्लांना पंखाखाली घेते आणि मग एक दिवस चोच मारून हाकलू लागते.

ऊब कमी झाली की जागेचा प्रश्न येतो. पहिले तीन आठवडे एका पिल्लाला अर्धा चौरस फूट पुरतो. चौथ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत किमान एक चौरस फूट हवा. म्हणजे शंभर पिल्लांना दहा बाय दहाची अख्खी खोली लागते. वनराज किंवा गिरिराजचे नर भराभर वाढतात, त्यांना तीही दाटीची होते. दाटीत पिल्लं एकमेकांची पिसं उपटतात. एकदा रक्त दिसलं की सगळी त्याच जागी चोच मारत राहतात. जखमी पिल्लू लगेच बाजूला काढावं, आणि उजेड कमी करून जागा वाढवावी. नुसतं औषध लावून हे थांबत नाही.

खोली वेगळी बांधायची गरज नाही. पडवीचा एक भाग, गोठ्यातली रिकामी गव्हाण काढून केलेली जागा, जुनी न्हाणी, काहीही चालतं. स्वयंपाकघराशेजारी मात्र नको. या वयात लव गळून पिसं येत असतात आणि त्याची धूळ सगळीकडे बसते. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, त्यापेक्षा कोबा बरा. सारवलेल्या जमिनीत घूस बीळ करते, तेव्हा कडेने विटा पुरून घ्याव्यात. वरून जाळी हवीच. मांजर घरचं असलं तरी पिल्लांच्या बाबतीत ते घरचं राहत नाही.

खरी मेहनत आहे ती गादीची. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे भाताचं तूस सहज मिळतं, भुईमूग पिकणाऱ्या भागात शेंगांची टरफलं. सुतारकामाचा भुसा घ्यायचा तर रंध्याची छिलपं घ्या. करवतीचा बारीक भुसा पिल्लं दाणा समजून खातात. थर दोन-तीन इंचांचा असावा आणि रोज सकाळी तो खालीवर करावा. ओलं झालेलं त्याच दिवशी बाहेर. हे इतकं ठासून सांगतो, कारण रक्ती हगवण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांनाच जास्त गाठते. आजारी पिल्लाच्या विष्ठेतले तिचे जंतू ओलाव्यात आणि उबेत एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याइतके तयार होतात. कोरड्या गादीत त्यांना ती संधी मिळत नाही. सगळ्यात जास्त ओल असते पाण्याच्या भांड्याभोवती. भांडं विटेवर किंवा जाळीच्या चौकटीवर ठेवा आणि त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा. पिल्लं वाढतील तशा विटा वाढवा.

गादी बरी आहे की नाही हे उभं राहून कळत नाही. उकिडवं बसून नाक पिल्लांच्या उंचीला न्यावं. डोळ्यांना झोंबलं तर अमोनिया साठलाय. पावसाळ्यात लोक चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात आणि आत नेमकं हेच होतं. गोणपाटाचा पडदा खालून लावा, वरचा हातभर भाग उघडा ठेवा. वारा अंगावर येऊ नये, पण हवा खेळती राहावी.

चौथ्या आठवड्यात अर्धा-एक फुटावर अंगठ्याएवढी बांबूची काठी आडवी बांधा. पिल्लं आधी गंमत म्हणून बसतील, मग सवयीने. ज्यांना काठीची सवय नसते ती बाहेरच्या खुराड्यातही रात्री कोपऱ्यात ढीग करून झोपतात आणि खालची गुदमरतात.

राणीखेतच्या लासोटा लसीचा दुसरा डोस याच महिन्यात येतो आणि देवीची लस त्याच सुमारास किंवा थोडी पुढे. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावं. लस आणि जागाबदल एकाच दिवशी करू नये.

बाहेर कधी काढायचं? दिनदर्शिकेपेक्षा पिल्लाचं पोट आणि आभाळ बघून. एप्रिलच्या मध्याला आणलेली पिल्लं आठ आठवड्यांची होतात तेव्हा कोकणात पाऊस सुरू झालेला असतो. तिथे ऑक्टोबरची पिल्लं सोयीची. विदर्भात जानेवारीत आणावीत, म्हणजे उन्हाचा तडाखा येण्याआधी ती खुराड्यात रुळतात. हलवायचं तर कोरड्या दिवशी, संध्याकाळी. नंतरचे चार-पाच दिवस दार बंदच ठेवावं, म्हणजे घर कुठलं ते त्यांना कळतं. जुन्या कोंबड्यांमध्ये एकदम सोडू नये. त्या चोच मारतातच, शिवाय त्यांच्या अंगात मुरलेले रोग या नव्या पिल्लांना झेपत नाहीत. मध्ये जाळी लावून काही दिवस नुसती शेजारी ठेवावीत.

पुढच्या आठवड्यात खुराडं बांधू. ज्यांनी अजून पिल्लांची नोंदणी केलेली नाही त्यांनी आज एवढंच करावं: टेप घेऊन घरात शंभर चौरस फूट कोरडी जागा खरोखर निघते का ते मोजावं. निघत नसेल तर पंचवीस तलंगांचा गटच मागावा.