काटा तांबड्यात गेला की

छोट्या ट्रॅक्टरची खरी परीक्षा नांगरटीत होत नाही, फवारणीत होते. नगर जिल्ह्यात राहाता, संगमनेर, पारनेर, श्रीगोंदा या भागांत डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा आहेत. डाळिंबाच्या दोन ओळींत शिफारशीप्रमाणे साडेचार मीटर अंतर असतं, पण झाडं वाढली की मधे उरतो तो जेमतेम बोळ. मोठा ट्रॅक्टर तिथे फळांसकट फांद्या मोडत जातो. म्हणून महिंद्राचा 15 एचपीचा युवराज, कुबोटाचा 24 एचपीचा निओस्टार किंवा व्हीएसटीचा शक्ती अशी बुटकी, अरुंद यंत्रं बागेत आली. मागे ब्लोअर जोडायचा, पीटीओ 540 फेऱ्यांवर ठेवायचा आणि माणसाच्या चालीने ओळीमागून ओळ काढायची. इंजिन तासन्‌तास चढ्या फेऱ्यांवर आणि वेग इतका कमी की समोरून वारा लागत नाही. वळून पुढच्या ओळीत शिरलं की आधीच्या ओळीतला औषधाचा तुषार पंखा आत ओढून घेतो. गंधकाचा, चुन्याचा हा ओला तुषार रेडिएटरच्या पत्र्यांवर बसतो, त्यावर धूळ आणि सुकलेला पाला चिकटतो आणि तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकायला लागतो.

इथे पहिला प्रश्न विचारायचा तो काट्यालाच: तू खरं सांगतोयस का? बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत इंजिनाच्या पाण्यात एक सेन्सर बुडालेला असतो. पाणी तापेल तसा त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि काटा वर चढतो. त्याची वायर कुठे घासून उघडी पडली आणि लोखंडाला टेकली, तर इंजिन गार असतानाही काटा थेट शेवटाला जातो. सकाळी गार इंजिनाची चावी नुसती फिरवली आणि काटा लगेच वर गेला, तर दोष वायरीत किंवा सेन्सरमध्ये, पाण्यात नाही. सेन्सरची वायर काढून पाहावी. काटा खाली आला तर सेन्सर संशयित, तिथेच राहिला तर वायर किंवा मीटर. खात्रीसाठी लांबून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरावं. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते हमखास कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळी टेप चिकटवून टेपवरचं तापमान घ्यावं.

उलटी फसवणूक जास्त घातक. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर तो पाण्याचं तापमान सांगतच नाही. काटा हिरव्यात आणि हेड तापून वाकायला आलेलं, असं घडू शकतं. म्हणून मीटर निर्दोष ठरला तरी सकाळी गार इंजिनावर झाकण उघडून पाणी बघण्याला पर्याय नाही.

ताप खरा असेल तर चांगला मेस्त्री लगेच पाना हातात घेत नाही, आधी हात लावून बघतो. इंजिन चालू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप बराच वेळ कोमट राहतो. थर्मोस्टॅट बहुधा 70 ते 82 अंशांच्या दरम्यान उघडतो आणि मग तो पाइप एकदम गरम होतो. मीटर चढला, इंजिन तापलं आणि पाइप कोमटच, तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा पंप पाणी ढकलत नाही. वरचा आणि खालचा पाइप जवळजवळ सारखेच चटके देत असतील तर पाणी फिरतंय, पण रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. अशा वेळी जाळी, पत्रे, पंखा आणि ढिला पट्टा यांच्याकडे वळायचं. वरचा भाजतोय आणि खालचा गार, तर पाणी आत कुठेतरी अडलंय. रेडिएटर धुवायचा तो पंख्याच्या बाजूने बाहेर, तेही हलक्या धारेने. समोरून जोरात फवारा मारला तर कचरा आणखी आत ठासतो आणि पत्रे मुडपतात ते वेगळंच.

आपल्याकडे पाणी अडण्याचं कारण बहुतेकदा आपणच ओतलेलं असतं. प्रवरा-मुळेच्या लाभक्षेत्रात अनेक विहिरी-बोअरचं पाणी जड आहे. तेच बादलीने रेडिएटरमध्ये जातं. या सवयीमागे जुना अनुभव आहे. विहिरीवरच्या पाच एचपीच्या ऑइल इंजिनाला पंपाचंच पाणी जोडलेलं असायचं; एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने पाटात. ते कधी उकळायच्या जवळही जात नसे, हात धरून ताप कळायचा, आणि विहिरीच्या पाण्यावर ती इंजिनं वर्षानुवर्षं चालली. छोट्या ट्रॅक्टरमधलं पाणी मात्र तेच ते फिरतं आणि नव्वदीच्या आसपास तापतं. दर वेळी भर घातली की नवा क्षार आत येतो. तो सर्वांत आधी बसतो जिथे धातू सर्वाधिक तापतो तिथे, म्हणजे लायनरच्या बाहेर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारी. हा पांढरा थर बिडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तर तो बुजवूनच टाकतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट हा खर्च वाटतो, पण बोअरचं फुकटचं पाणी त्याहून महाग पडतं, हे मी ठामपणे सांगेन.

तितक्याच ठामपणे आणखी एका सवयीला विरोध करायला हवा: तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं. उन्हाळ्यात ताप वाढतो आणि थंडीत इंजिन गारच राहून झिजतं. तो चांगला आहे की नाही हे पातेल्यात पाणी तापवून, त्यात बुडवून डोळ्यांनी बघता येतं.

झाकणाकडे कुणी बघत नाही, ते मात्र बघावं. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे, तिथे उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. 0.9 बारचा दाब धरणारं झाकण हाच बिंदू 115 अंशांच्या पुढे नेतं. रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली की हा सगळा फायदा गेला. इंजिन गार असतानाच सुरू केलं आणि उघड्या तोंडातून सतत बुडबुडे येत राहिले, किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर प्रकरण हेड गॅस्केटपर्यंत गेलेलं असू शकतं. मग यंत्र बागेत परत नेऊ नये.

फवारताना काटा तांबड्यात गेलाच तर आधी पीटीओ तोडावा, भार काढावा. पाणी आणि पट्टा शाबूत असेल तर एक-दोन मिनिटं मंद चालू ठेवावं, कारण लगेच बंद केलं तर पंपही थांबतो. वाफ उसळत असेल, पट्टा तुटला असेल किंवा पाणी संपलं असेल तर मात्र तत्क्षणी बंद. तापल्या झाकणाला हात नाही, तापल्या हेडवर गार पाणी नाही. चेहरा भाजतो आणि बीड तडकतं. पूर्ण निवल्यावर भर घालताना मापानेच घालावी आणि किती गेलं ते लिहून ठेवावं. पुढच्या फवारणीला पुन्हा तेवढंच लागलं आणि खाली कुठे ओल दिसली नाही, तर मेस्त्रीला सांगायची पहिली गोष्ट तीच.