उतारवयातील गाणे : बालगंधर्वांचा भजनकाल

नामांकित कलावंताविषयी बोलताना आपल्या समाजाला एक सवय जडली आहे. त्याच्या आयुष्याचे आपण दोन भाग पाडतो, एक वैभवाचा आणि दुसरा पडत्या काळाचा. पहिल्या भागातील कृतींची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. दुसऱ्या भागाविषयी 'पुढे दिवस पालटले' एवढे बोलून आपण गप्प बसतो. त्या पालटलेल्या दिवसांत त्या माणसाने काही निर्माण केले की नाही, केले असल्यास त्याची योग्यता काय, याची चौकशी सहसा होत नाही. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या बाबतीत हे फारच ठळकपणे घडले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांच्या 'स्वयंवरा'ची नव्हे, तर 'कान्होपात्रे'पासून पुढच्या काळातील भजनांची ओळख करून देण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम सर्वांस ठाऊक असलेला भाग थोडक्यात सांगू. बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांस 'बालगंधर्व' म्हटले, असे परंपरा सांगते. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ साली 'मानापमाना'तील भामिनी गाजली, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि १९१६ साली खाडिलकरांच्या 'स्वयंवरा'त त्यांची रुक्मिणी अवतरली. 'स्वयंवरा'च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. १९१९ साली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू आली, १९२० साली 'द्रौपदी' आली. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, रंगभूमीवर भरजरी शालू आणि प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ, असा तो काळ होता. या काळाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे.

१९३१ साल मात्र आपण सावकाश पाहिले पाहिजे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट मुंबईत झळकला. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला आणि नाटकाचा प्रेक्षक पडद्याकडे वळू लागला. त्याच १९३१ मध्ये गंधर्व मंडळीने 'संगीत कान्होपात्रा' रंगभूमीवर आणले. नाटक ना. वि. कुलकर्णी यांचे, चाली मुख्यत्वे मास्टर कृष्णरावांच्या. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची ही कथा. बालगंधर्वांचे वय तेव्हा त्रेचाळीस होते. रुक्मिणी, भामिनी यांच्या पदांचे शब्द नाटककारांचे होते. 'कान्होपात्रे'त त्यांच्या कंठात संतांचे अभंग आले. चोखोबांचा जोहार त्यांनी याच नाटकात गायिला. १९३३ साली मीराबाईच्या चरित्रावरील 'अमृतसिद्धी' आले, १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली आणि १९३७ मध्ये पडद्यावर मीराही केली. कान्होपात्रा, मीरा, एकनाथ ही ओळ पाहिली म्हणजे ध्यानात येते की हा केवळ पडता काळ नव्हता. गाण्याचा विषय बदलत होता आणि विषयाबरोबर गाण्याची घडणही बदलत होती.

मग हा भाग आपल्या कानांआड का गेला? त्याची कारणे तीन दिसतात. पहिले कारण रूप. लोकांनी बालगंधर्वांना ऐकले त्याहून अधिक पाहिले होते. साठीकडे झुकलेल्या पुरुषाने नवयौवना रुक्मिणी साकारावी हे डोळ्यांस रुचेना आणि डोळ्यांनी नकार दिला म्हणून कानांनीही दिला. दुसरे कारण हकीकत. मंडळीचे कर्ज, बोलपटांतील अपयश, गोहरबाई कर्नाटकी यांच्या आगमनानंतरचे वाद, पुढे अधू झालेले पाय या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या गेल्या की गाणे त्या हकीकतींच्या ढिगाखाली दबले. तिसरे कारण रुचिपालट. रेडिओ, भावगीत आणि चित्रपटगीत यांनी तीन मिनिटांत आटोपणाऱ्या नेटक्या गाण्याची गोडी लावली. घोळवून, परतून परतून गायिलेले भजन त्या मापात बसेना.

या तीन कारणांपैकी एकही गाण्याच्या गुणदोषांविषयी नाही, हे आपण नीट पाहावे. गाणे ऐकून ते नापसंत केले असते तर तो रसिकाचा अधिकार होता. येथे ऐकण्याआधीच निकाल लागला.

आता हे गाणे ऐकावे कसे, ते सांगतो. त्यासाठी अभंगाची बांधणी ध्यानात घेतली पाहिजे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. म्हणजे तीन पावले सारखी टाकून चौथे आखूड टाकायचे. ठेका बहुधा आठ मात्रांचा, भजनी किंवा केरवा. चौथ्या चरणात अक्षरे संपतात, पण ठेका संपत नाही. तेथे जागा मोकळी राहते. वारकरी भजनात ही जागा टाळ आणि पखवाज भरून काढतात व टाळकरी धृपद उचलतात. बैठकीचा गवई तेथे तान घेण्याच्या मोहात पडतो. बालगंधर्व त्या जागी काय करतात, हे ऐकण्यासारखे आहे. एखादा शब्द ते किंचित रेंगाळत ठेवतात, त्याला हलका हेलकावा देतात आणि समेवर अचूक सोडतात. शब्द मोडत नाही आणि लय तसूभरही हलत नाही. ऐन तारुण्यात याच जागेवर त्यांनी मुरक्यांची झालर लावली असती. उतारवयात झालर गेली आणि वस्त्राचा पोत दिसू लागला.

आवाज उतरला होता हे खरेच. तारसप्तकात पूर्वी जो सूर सहज लागे, त्याच्यासाठी आता प्रयास पडतो आणि तो ऐकू येतो. परंतु अभंग हा मुळी तारुण्याचा उद्गार नव्हेच. देवाला हाक मारणाऱ्याचा आवाज थोडा थकलेला असला तर अर्थाला बाध येत नाही, उलट अर्थ गडद होतो. 'स्वयंवरा'तील रुक्मिणीचा सलज्ज आनंद थकल्या गळ्याला पेलणार नाही. चोखोबांची विनवणी पेलते. कलावंताने आपल्या वयाला साजेसा आशय निवडला, ही गोष्ट शहाणपणाची मानली पाहिजे.

ऐकताना एक व्यावहारिक अडचण येते, तीही सांगून ठेवू. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत घेत लांबणारे पद तेथे आवळून बसवावे लागे. म्हणून तबकडीवरचे गाणे हा केवळ नमुना आहे. उतारवयातील भजनांची काही ध्वनिमुद्रणे खाजगी बैठकींतली आहेत. त्यांत खरखर आहे, पण विस्ताराला मोकळीक आहे. कान सरावण्यासाठी आधी 'कान्होपात्रे'तील एक अभंग तबकडीवर ऐकावा, मग बैठकीतील एखादे भजन ऐकावे आणि शेवटी 'स्वयंवरा'कडे परतावे. हा उलटा क्रम आम्ही मुद्दाम सुचवतो. 'स्वयंवर' आधी ऐकले की पुढचे सारे उणे वाटू लागते.

सारेच उत्तरकालीन गाणे सोन्याचे होते असा आमचा दावा नाही. काही ठिकाणी तीच ती वळणे पुन्हा येतात आणि काही ठिकाणी गळा साथ देत नाही. वृद्धपणी स्त्रीभूमिका करीत राहण्याचा हट्टही कलेला पोषक ठरला नसावा. परंतु दोष दाखवण्यासाठीसुद्धा आधी ऐकावे लागते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा प्रश्न काही मराठी मुलखापुरता नाही. इटलीच्या व्हेर्दी या संगीतकाराने 'फाल्स्टाफ' ही संगीतिका रंगभूमीवर आणली तेव्हा १८९३ साल होते आणि त्याचे वय ऐंशीला टेकले होते. अलीकडचे उदाहरण इंग्लंडातील रोलिंग स्टोन्स या रॉक वाद्यवृंदाचे. हा वृंद १९६२ साली लंडनमध्ये उभा राहिला. त्यांच्या मैफलीस जमणारे लोक आजही १९६५ च्या सुमारची गाणी मागतात. नव्या संग्रहातील गाणे सुरू झाले की पुष्कळांचे लक्ष उडते. २०१६ साली त्यांनी 'ब्लू अँड लोनसम' हा संग्रह काढला. त्यात स्वतःचे एकही गाणे नव्हते. तरुणपणी ज्या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांची 'ब्लूज' गाणी ऐकून ते वादक झाले, तीच गाणी त्यांनी अवघ्या तीन दिवसांत ध्वनिमुद्रित केली. सत्तरी ओलांडलेला मिक जॅगर त्यात दिमाख बाजूला ठेवून गातो. देश निराळा आणि संगीत निराळे, पण मूळ स्थानी परतण्याची ओढ तीच, आणि श्रोत्यांची आडकाठीही तीच.

आपल्या राजुरीच्या परिसरात या विषयाला आणखी एक धागा आहे. शेजारच्या आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी दाखवतात. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानतात. काकडा, हरिपाठ आणि अखंड हरिनाम सप्ताह येथे घरोघरच्या ओळखीचे. नाट्यसंगीताच्या शहरी रसिकाला जे शिकावे लागेल, ते येथील टाळकऱ्याच्या हाताला आधीच ठाऊक आहे. चौथ्या चरणावर जागा कोठे उरते हे त्याला विचारावे. बालगंधर्वांच्या भजनांचा खरा पारखी अशा गावांत मिळण्याचा संभव अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

आणि याच तालुक्यातील नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांचे उदाहरण तर अगदी जवळचे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही थोर तमाशा कलावंतीण. तिची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली आणि २००२ साली ती निवर्तली. तरुणपणी शिट्ट्या मिळाल्या, म्हातारपणी हळहळ मिळाली. या दोहोंच्या मध्ये तिचे गाणे शांतपणे ऐकायला किती जण बसले? तिच्या नावाने आज राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु पुरस्काराने ऐकण्याचे काम होत नाही.

बालगंधर्वांनाही मानसन्मान मिळाले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे रंगमंदिर तेथे उघडले. कुमार गंधर्वांसारख्या नव्या वाटेच्या गायकाने 'मला उमजलेले बालगंधर्व' असा स्वतंत्र कार्यक्रमच केला. मोठा गायक जिथे उमजून घेण्याची भाषा बोलतो, तिथे आपण निकाल देण्याची घाई करू नये.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या तबकड्या वा ध्वनिफिती पडून असतील, त्यांनी त्या खाली काढाव्यात. तबकडी पुसून उभी ठेवावी, आडवी रचू नये. फीत ओलाव्याने चिकटली असेल तर ओढू नये, जाणकाराच्या हाती द्यावी. त्यातील आवाज नव्या यंत्रावर उतरवून घ्यावा आणि चार माणसे जमवून ऐकावा. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी बालगंधर्वांच्या भजनांविषयी काही ऐकले असेल तर तेही विचारून लिहून ठेवावे, कारण तेही फार दिवस उरणार नाही. सप्ताहातील एखाद्या दुपारी अर्धा तास यासाठी काढला तरी पुरे. ऐकून झाल्यावर कोणास ते आवडले नाही, तर त्याने तसे खुशाल सांगावे.