फाटक उघडं असलेलं घर

आज आपण बालगृहांबद्दल बोलू. मूल तिथं सुरक्षित आहे का, त्याची नीट काळजी घेतली जाते का, हे बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं?

मी स्वतः काही वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा अधीक्षक होतो. फरशी चकचकीत, रजिस्टरं पूर्ण, फाटकाला कुलूप. मला त्याचा अभिमान होता. एकदा एका मुलाचा कान फुटला, पू वाहत होता, तरी पोरगं तीन दिवस गप्प. "सांगितलं का नाहीस रे?" विचारलं, तर म्हणाला, "सर, तुम्ही रागवाल असं वाटलं." दुसऱ्या कुणाला सांगावं, तर दुसरं कुणी आत येतच नव्हतं. माझं कुलूप चोराला अडवत होतं, तसंच त्या पोराच्या बोलण्यालाही अडवत होतं.

यावर एका शाळेनं फार वेगळा मार्ग काढला. ती शाळा कोलकात्यात आहे, सियालदह रेल्वे स्टेशनाजवळ. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी याच स्टेशनाच्या फलाटांवर संसार मांडले होते. पुढेही स्टेशनाच्या आसऱ्यानं वाढणारी मुलं या भागात दिसत राहिली. शाळेचं नाव लोरेटो डे स्कूल, शाळा मुलींची. 1979 साली तिची सूत्रं सिस्टर सिरिल मूनी यांच्याकडे आली. त्या मूळच्या आयर्लंडच्या, 1956 पासून भारतात. 2007 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2023 मध्ये त्या गेल्या.

1985 साली त्यांनी 'रेनबो' उपक्रम सुरू केला. रस्त्यावरच्या मुलींसाठी शाळेच्या गच्चीवर जागा केली. जमेल तेव्हा यायचं, शिकायचं. शिकवायला कोण? शाळेतल्याच मोठ्या मुली, कार्यानुभवाच्या तासाला, एकीला एक. पण रात्र झाली की या मुली पुन्हा रस्त्यावर, आणि मुलीला धोका असतो तो रात्रीच. म्हणून पुढे त्या शाळेतच राहू लागल्या. शाळा हेच त्यांचं घर झालं. हा नमुना नंतर हैदराबाद, दिल्ली आणि आपल्या पुण्यापर्यंत पोचला.

यात सुरक्षितता कुठून आली ते बघा. घर गावाबाहेर, उंच भिंतीआड नाही. दिवसभर तिथं शेकडो मुली, शिक्षिका, पालक येतात-जातात. एखादी मुलगी अचानक गप्प झाली, जेवेनाशी झाली, तर ते ओळखणारी माणसं पुष्कळ. आणि सांभाळणाऱ्याविरुद्धच काही सांगायचं असेल, तर ऐकणारं दुसरं कुणीतरी तिथं असतं.

याची उलट बाजू 2018 मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरला दिसली. तिथल्या मुलींच्या निवारागृहात लैंगिक अत्याचार चालू होते. ते घर सरकारी पैशावर चालत होतं, अधिकाऱ्यांच्या भेटी होत होत्या, तरी काही बाहेर आलं नाही. बाहेर आलं ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं राज्यातल्या संस्थांची सामाजिक तपासणी केली तेव्हा. कारण हे लोक कागद बघून उठले नाहीत, मुलींशी बोलले. 2020 मध्ये 19 जणांना शिक्षा झाली.

कायदा काय सांगतो? 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार अशा प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. तपासणी समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची, किमान तिघांनी, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. 2016 च्या नियमांत शयनगृहात दर मुलामागे 40 चौरस फूट जागा, मुलांची समिती आणि सूचनापेटी आहे. हे सगळं हवंच. पण पेटीत चिठ्ठी टाकायला मुलाला धीर लागतो, आणि तो बाहेरच्या ओळखीच्या माणसांमुळे येतो.

तेव्हा वाढदिवसाला बालगृहात जेवण द्यायला जाल, तर थोडं लक्ष ठेवा. मुलं रोज बाहेरच्या शाळेत जातात का? आजारी मुलाला दवाखान्यात कोण नेतं, त्याची नोंद आहे का? संडास-न्हाणीघराला आतून कडी लागते का? मुलं मोठ्यांसमोर मोकळेपणी बोलतात, की आधी साहेबांच्या तोंडाकडे बघतात? मुलांचे फोटो मात्र काढू नका. आणि एकदाच जाऊन थांबू नका. महिन्यातून एक तास गणित शिकवा, गोष्ट सांगा. पाचव्या-सहाव्या भेटीनंतर मूल बोलू लागतं.

काही वावगं कळलं, तर 1098 हा क्रमांक आहे, आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे. 'आपल्याला काय करायचंय' म्हणून परत फिरू नका. माझ्या वसतिगृहात त्या तीन दिवसांत बाहेरचं एक जरी माणूस आलं असतं, तर तो कान पहिल्याच दिवशी कुणाला तरी दिसला असता.