वेताळाचे दप्तर

दाट अरण्याच्या गाभ्यात, मानवी कवटीच्या आकाराच्या एका प्रचंड खडकातील गुहेत, वेताळाच्या घराण्याचा दप्तरखाना आहे. भिंतीलगत जाडजूड बांधणीच्या वह्या ओळीने रचलेल्या आहेत आणि प्रत्येक पिढीच्या वेताळाने आपल्या कारकिर्दीची हकिगत त्यांत स्वहस्ते लिहून ठेवली आहे. १५३६ साली चाच्यांनी गलबतावर घातलेल्या छाप्यात ज्याचा बाप मारला गेला, असा एक तरुण समुद्राने किनाऱ्यावर टाकला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या उच्छेदाची शपथ घेतली. आणि ती शपथ, एखाद्या वतनाप्रमाणे, बापाकडून मुलाकडे येत येत एकविसाव्या पुरुषापर्यंत पोहोचली. चारशे वर्षे एकच अमर पुरुष या अरण्यात वावरतो आहे, असा बाहेरच्या जगाचा समज. ते एक घराणे आहे, हे जाणणारी माणसे मोजकी, आणि त्या सत्याचा लेखी पुरावा एवढाच, गुहेतील त्या वह्यांचा. अंगी कोणतीही दैवी शक्ती नसलेल्या या नायकाचे सामर्थ्य मुखवट्यात जितके आहे तितकेच या दप्तरात आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मराठी घरांत ही कथा ज्या नियतकालिकाने आणली, त्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा हा परिचय.

वेताळाची कल्पना मूळची अमेरिकेतील. सेंट लुइस येथे १९११ साली जन्मलेल्या ली फॉकने १९३४ मध्ये जादूगार मॅन्ड्रेकची चित्रमालिका सुरू केली आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘फँटम’ची, म्हणजेच आपल्या वेताळाची. सुपरमॅनचा अवतार याच्या दोन वर्षांनंतरचा. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि डोळ्यांतील बाहुल्या न दाखवणारा मुखवटा हा जो पुढच्या कित्येक नायकांचा गणवेश ठरला, तो या दैनिक मालिकेत आधीच शिवून तयार होता. फॉकच्या मनातील पोशाख करडा होता. १९३९ साली रविवारच्या रंगीत पुरवण्यांत तो जांभळा झाला, इटलीत तांबडा छापला गेला आणि स्वीडनमध्ये निळा. छापखान्यांनी रंग बदलले, परंतु लेखक एकच राहिला: १९९९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, फॉक ही मालिका लिहीत होता. चित्रकार मात्र बदलत गेले. प्रथम रे मूर, त्याच्यामागून त्याचाच मदतनीस विल्सन मकॉय, आणि १९६१ नंतर साय बॅरी. भारतीय वाचकाच्या मनातील वेताळाचा चेहरा बव्हंशी या बॅरीच्या हातचा आहे.

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकासमोरील टाइम्सच्या इमारतीत ही मालिका नवखी नव्हती, कारण ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या पानांवर फँटमच्या पट्ट्या कितीतरी वर्षे प्रसिद्ध होत होत्या. परंतु साप्ताहिकाच्या कोपऱ्यात आठवड्याला एक तुकडा वाचणे वेगळे, आणि एका बैठकीत संपूर्ण कथा हाती येणे वेगळे. मार्च १९६४ मध्ये टाइम्सच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने ‘इंद्रजाल’चा पहिला अंक काढला, तो वेताळाच्या कमरपट्ट्याच्या कथेचा, आणि पहिल्या बत्तीस अंकांत वेताळावाचून दुसऱ्या कोणाला प्रवेश दिला नाही. त्यानंतर मॅन्ड्रेक आला, अंतराळवीर फ्लॅश गॉर्डन आला, रिप किर्बी, बझ सॉयर, गार्थ आदी मंडळी आळीपाळीने हजेरी लावू लागली. तरी अखेरपर्यंतचा हिशेब मांडला तर निम्म्याहून अधिक अंक वेताळाचेच भरतात. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड, मल्याळम् अशा भाषांतूनही हे नियतकालिक निघाले. एकाच चित्राच्या फुग्यात इतक्या लिप्या बसवण्याचा असा उद्योग त्यापूर्वी आपल्या देशात क्वचितच कोणी केला असेल.

हे काम वरून दिसते तितके सुलभ नव्हते. वृत्तपत्रातील दैनिक पट्टी ही तीन-चार चौकटींची असते. काल काय घडले याची आठवण पहिल्या चौकटीत द्यावयाची आणि उद्याची उत्कंठा शेवटच्या चौकटीत ठेवावयाची, अशी तिची रचना. अशा शेकडो पट्ट्या जोडून सलग पुस्तक करायचे तर पुनरुक्तीच्या चौकटी गाळाव्या लागतात, काही कडेने छाटाव्या लागतात, आडव्या मांडणीची उभी मांडणी करावी लागते, आणि पृष्ठसंख्या ठरलेली असल्याने कथेलाही कात्री लागते. इंद्रजालच्या संपादकांची कात्री कित्येकदा निर्दयपणे चालली, ही जाणत्या वाचकांची तक्रार रास्त आहे. त्यातच इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी आखलेल्या फुग्यात वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांचे कुटुंब नांदवायचे, म्हणजे वाक्य आटोपशीर हवे आणि तरीही ते मराठी वाटले पाहिजे.

कात्रीपेक्षा नाजूक होते ते नामकरण. फॉकच्या कथेतील देशाचे नाव बंगालशी फार जवळचे होते, म्हणून आपल्याकडे ते ‘डेंकाली’ झाले. मूळ कथेतील चाच्यांची टोळी ‘सिंग’ नावाची होती, तिचे ‘सिंगा’ केले. आधीच्या वेताळाच्या मारेकऱ्याचे नाव चक्क ‘रामा’ होते, ते ‘रामालू’ झाले. परक्या लेखकाने पौर्वात्य नावे बेफिकिरीने उचलली होती, आणि येथील संपादकांनी वाचकाच्या श्रद्धेचा मान राखून ती गुपचूप बदलली. हा फेरफार मला प्रामाणिक आणि शहाणपणाचा वाटतो.

परंतु सर्वांत मोठे नामकरण नायकाचेच. ‘फँटम’ला प्रतिशब्द म्हणून भूत, पिशाच्च, छाया असे कितीतरी शब्द हाताशी होते, आणि त्यांतील कोणताही घेतला असता तरी व्यवहार भागला असता. ज्या कोणाला ‘वेताळ’ हा शब्द सुचला, त्याने मात्र कथेला आपल्या भूमीत मूळ धरू दिले. वेताळपंचविशीतला, विक्रमाच्या खांद्यावर बसून प्रश्न घालणारा वेताळ सर्वांना ठाऊक आहेच, पण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या सीमेवर गस्त घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भक्तमंडळी त्याला भल्या थोरल्या चामडी वहाणा वाहतात. गोव्यात आमोणे, लोलये येथेही बेताळाची स्थाने आहेत. आता फॉकच्या नायकाची मूळ इंग्रजीतील प्रसिद्ध उपाधी पाहा: चालणारे भूत! अरण्यातील वस्त्यांभोवती अहोरात्र फिरणारा, ज्याच्या दर्शनाने दुष्टांची गाळण उडते आणि दुबळ्यांना अभय मिळते, ज्याच्या वयाचा थांग कोणालाच लागत नाही, असा तो राखणदार. अमेरिकेतील लेखकाला आरवलीची वार्ताही असण्याचे कारण नव्हते. तरी त्याची कल्पना आणि कोकणातील गावकऱ्याची श्रद्धा एका शब्दात भेटल्या, आणि त्या शब्दामुळे मराठी मुलाला हा मुखवटाधारी परका वाटलाच नाही. भाषांतराचे याहून मोठे यश कोणते असते, मला सांगता येणार नाही.

या प्रेमाने दोष मात्र झाकले जाऊ नयेत. गोऱ्या पुरुषाने काळ्या वनवासी लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या पितृवत् अधिकार चालवावा आणि बांदर जमातीच्या बुटक्या तिरंदाजांनी त्याला देव मानावे, ही मांडणी साम्राज्याच्या काळातील आहे आणि तिचा वास आजही जात नाही. फॉकने पुढे तिला मुरड घातली. कथेतील देशात लोकांनी निवडलेला, व्यवसायाने डॉक्टर असलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष लमांडा लुआगा अवतरला, आणि वेताळ त्याच्या शासनाचा सहायक झाला. १९७७ साली तर वेताळाने आपली दीर्घकाळची प्रेयसी डायना पामर हिच्याशी रीतसर विवाह केला आणि पुढे त्यांना जुळी मुले झाली. ज्या कथेचा पायाच वंशपरंपरा, तिच्यात एकविसाव्या पुरुषाला गृहस्थाश्रम मिळण्यास एकेचाळीस वर्षे लागावीत, हा मालिका-लेखनाचा एक विलक्षण नियम मानावा लागेल.

टाइम्सच्याच उंबरठ्यावरून एक दुसरा प्रवाह निघाला. मूळचे कार्कळचे अनंत पै टाइम्सच्या नोकरीत असताना इंद्रजालच्या कामाशी निगडित होते. परदेशी नायकांच्या कथा भारतीय मुलांना किती आवडतात हे त्यांनी जवळून पाहिले, आणि १९६७ साली दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणांतील उत्तरे येतात पण रामाच्या आईचे नाव येत नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले. इंडिया बुक हाउसच्या साहाय्याने त्याच वर्षी त्यांनी ‘अमर चित्र कथा’ उभी केली. तिचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. तिचे शिक्षण वेताळाच्या शाळेत झाले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

इंद्रजालने स्वतःचा भारतीय नायक दिला तो डिसेंबर १९७६ मध्ये, आणि त्याचे नाव बहादूर. ‘धर्मयुग’ साप्ताहिकातील ‘ढब्बूजी’ या व्यंगचित्रमालेमुळे घराघरांत पोहोचलेले आबिद सुरती हे त्याचे जनक. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. हेच ते बी. गोविंद, ज्यांनी इंद्रजालच्या आरंभीच्या सुमारे पन्नास अंकांची मुखपृष्ठे रंगवली. बारा वर्षांमागे परक्या नायकाला देशी कुंचल्याने नटवणाऱ्या कलावंताला आता आपल्या मातीतला नायक घडवण्याची संधी मिळाली, ही गोष्ट मला फार समाधानाची वाटते. बहादूर हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मारला जातो, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो मारला गेला त्याच्याच छत्राखाली हा मुलगा वाढतो. बापाचा सूड की समाजाचे रक्षण, या द्वंद्वातून तो रक्षणाची बाजू घेतो आणि गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. अंगात कुडता, खाली जीन्स, आणि बरोबरीने लढणारी सखी बेला. अवघ्या चार वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे ठेवली होती. ती घटना वाचकांच्या ताज्या स्मरणात असताना आलेली ही कथा कवटीच्या गुहेहून किती निराळी आहे पाहा. वेताळाची शपथ बापाचा वारसा पुढे नेते. बहादूरची वाट तो वारसा नाकारल्यावाचून सुरूच होत नाही. सुरतींनंतर जगजित उप्पल यांनी बहादूरच्या कथा लिहिल्या, तरी पहिल्या कथांतील तो अंतःकलह मला अधिक मोलाचा वाटतो.

आता प्रकाशनाची नोंद. आरंभी मासिक, मग पाक्षिक, आणि ऐंशीच्या दशकात साप्ताहिक, असा वेग वाढत गेला. क्रमांक ४४३ पर्यंत अंकांना सरळ अनुक्रम होता. त्यापुढचा अंक ‘खंड २०, अंक १’ असा निघू लागला आणि संग्राहकांना दुहेरी हिशेब ठेवणे भाग पडले. १२३ आणि १२४ हे क्रमांक शोधू नयेत, कारण संपामुळे ते अंक निघालेच नाहीत. ते दोन वगळता इंग्रजी आवृत्तीचे एकूण ८०३ अंक भरतात. १९९० साली प्रकाशन थांबले. दर आठवड्याला एक पुस्तक देण्याच्या धावपळीत निवडीचा कस उतरला होता आणि घरोघरी दूरचित्रवाणी संच आले होते. माझ्या मते पहिले कारण अधिक जबाबदार. कारण ऑस्ट्रेलियात १९४८ साली सुरू झालेले फँटमचे नियतकालिक आणि स्वीडनमधील १९५० सालचे ‘फँटोमेन’ दूरचित्रवाणीच्या अमलातही टिकून राहिले.

इंग्रजी अंकांची अशी तपशीलवार मोजदाद झाली ती वाचकांच्या चिकाटीमुळे. त्यांनी रद्दीची दुकाने पालथी घातली, याद्या केल्या, एकमेकांशी ताडून पाहिल्या. मराठी आवृत्तीचा सलग संच मात्र मला आजवर कोणत्याही ग्रंथालयात पाहावयास मिळालेला नाही. मे महिन्याच्या सुटीत एकेक अंक दहा हातांतून फिरला, मुखपृष्ठे गळाली, पाने सुटी झाली, कोणी पाचपाच अंक एकत्र शिवून घेतले, आणि पुढे घर बदलताना ते गठ्ठे तराजूत गेले. त्या अंकांतून आपल्या कितीतरी मुलांनी सलग, वेगवान, बोलके मराठी प्रथमच स्वतःहून वाचले. त्या मराठीचे कर्ते कोण होते, फुग्यातील वाक्य कोणी घासूनपुसून बसवले, एखाद्या पात्राचे नाव कोणत्या विचाराने बदलले, हे त्या पानांवाचून कोण सांगणार? वेताळाच्या एकवीस पिढ्यांची दप्तरे सुरक्षित आहेत. ती आपल्या भाषेत आणणाऱ्यांचे दप्तर आपण राखलेले नाही.

म्हणून वाचकांना विनंती अशी की, ज्यांच्या माळ्यावर किंवा जुन्या पेटीत इंद्रजालचे मराठी अंक, फाटके का होईनात, शिल्लक असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. अंकाचा क्रमांक, दिनांक, कथेचे शीर्षक आणि आत छापलेले प्रत्येक नाव एका वहीत उतरवून घ्यावे, आणि अंक त्या वहीसह आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करून त्याची पोच घ्यावी.