साठीनंतरची धाव

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत. हे अंतर प्रथम १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये धावले गेले. ते केवढे, हे आमच्या नेरळवरून समजेल. येथून माथेरानला जाणारा, १९०७ साली सुरू झालेला लोहमार्ग सुमारे २१ किलोमीटरचा आहे. त्या अंतराने वर जाऊन परत यावे, की एक मॅरेथॉन होते.

सेवानिवृत्तीनंतर मी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये उतरलो आणि तरुणांच्या बरोबरीने सुसाट निघालो. तीस किलोमीटरनंतर पाय शिशासारखे जड झाले. पेडर रोडच्या चढावर मी खालीच बसलो. शर्यत तेथेच संपली.

असे का झाले? स्नायूंना तत्काळ शक्ती देणारा साखरेचा साठा शरीरात मर्यादित असतो. वेगाने धावल्यास तो लवकर सरतो. संथ धावल्यास शरीर चरबीही अधिक वापरते व साठा पुरतो.

पुढील वर्षी मी माथेरानच्या गाडीला गुरू केले. ती डोंगर सरळ चढत नाही; वळणे घेत, सावकाश माथा गाठते. मीही तसाच धावलो. शेकडो तरुण पुढे निघून गेले. परंतु अंतिम रेषा मीही ओलांडली. गळ्यात पडलेले पदक त्यांच्यासारखेच होते!