बोंडअळी आणि ‘सवय’

अकोला जिल्ह्यातील एका शाळेत दहावीच्या वर्गावर ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ चालू होता. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पुन्हा का आली, असे गुरुजींनी विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, “अळीले बीटीची सवय झाली, सर!” गावच्या पारावरही याहून निराळे उत्तर मिळत नाही. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा. तोही बरीच वर्षे असेच समजत होता.

वस्तुस्थिती वेगळी आहे. एखाद्या अळीस बीटीची सवय होत नाही. विष आतड्यास बाधले की ती मरते. परंतु असंख्य अळ्यांत काही मोजक्या अशा असतात, की ज्यांना जन्मजात आनुवंशिक फरकामुळे ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या. त्यांचेच पतंग झाले आणि त्यांचीच प्रजा वाढली. अळी बदलली नाही, अळ्यांमधील प्रमाण बदलले. यालाच निसर्गनिवड म्हणतात. भारतात बीटी कपाशीस २००२ मध्ये मान्यता मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. उत्क्रांती म्हणजे लक्षावधी वर्षांची गोष्ट, असे मानणाऱ्यांनी ही पंधरा वर्षे ध्यानात घ्यावीत.

‘बळी तो कान पिळी’ हा दुसरा गैरसमज. तगलेली अळी बलवान नसते. साध्या कपाशीवर तिला कसलाही विशेष लाभ नाही.

बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे, ते याच जाणिवेतून. कडेच्या त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा तगलेल्या पतंगांशी संकर व्हावा आणि संतती पुन्हा बीटीस बळी पडावी, हा हेतू. अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही. अळी जगावी म्हणून पेरा, हे शेतकऱ्यास पटविणे सोपे नव्हतेच! त्यात फरदड घेतल्याने अळीस हंगामानंतरही अन्न मिळत राहिले.

त्या गुरुजींनी मग वर्ग अंगणात नेला. काळ्या मातीवर ज्वारीचे नव्वद व उडदाचे दहा दाणे पसरले. मुलांनी अर्ध्या मिनिटात हाती लागतील तेवढे वेचावयाचे. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच जातीचा एक दाणा नव्याने टाकावयाचा. तिसऱ्या फेरीअखेर मातीवर उडीदच अधिक होता. गुरुजींनी मागच्या बाकावरच्या मुलास विचारले, “आता सांग, यातली कोणती ज्वारी काळी झाली?”