करपा दिसतो, हरण्या दिसत नाही

मुक्ताईनगर (जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही एदलाबादच) ते रावेर या केळीच्या पट्ट्यात पानांवरच्या दोन रोगांची नावं सारखी कानावर येतात. एक करपा, म्हणजे सिगाटोका. तो बुरशीचा रोग. फिजी बेटांवरच्या सिगाटोका खोऱ्यावरून त्याला हे नाव पडलं. दुसरा हरण्या, म्हणजे 'कुकुंबर मोझॅक' विषाणूचा रोग. करप्याची बुरशी शाळेतल्या साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शीखालीही ओळखता येते. हरण्याचा विषाणू मात्र त्यातून दिसत नाही, मग भिंगं कितीही महागाची बसवा.

पाहायचंच असेल तर आधी करपा घ्यावा. पानावरच्या तपकिरी ठिपक्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलायची आणि काचपट्टीवर कॉटन ब्लू रंगाच्या थेंबावर लावायची. खालचा आरसा किंवा दिवा प्रकाश वर पाठवतो, कंडेन्सर तो नमुन्यावर एकवटतो. नमुन्याजवळचं पदार्थभिंग नळीच्या आत मोठी, उलटी प्रतिमा तयार करतं आणि नेत्रिका त्या प्रतिमेलाच पुन्हा मोठं करून दाखवते. म्हणून तर पट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. सुरुवात १० पटीच्या पदार्थभिंगाने करावी. ४० पटीचं भिंग काचेच्या इतकं जवळ येतं की तिथे मोठा स्क्रू फिरवणं म्हणजे काच फोडणं. फक्त बारीक स्क्रू वापरायचा. नेत्रिका १० पटीची असेल तर आता आपण ४०० पट पाहतो आहोत. निळसर रंगात लांबट, सुतासारखे, आडव्या पडद्यांनी विभागलेले बीजाणू दिसतात. मायक्रोमीटरमध्ये त्यांची लांबी साधारण दोन अंकी भरते.

मग पट वाढवत नेले तर विषाणूही दिसेल, असं वाटणं साहजिक आहे. खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शींच्या खोक्यांवर १२०० पट असं ठळक छापतात तेही याच समजुतीवर. माझ्या मते खोक्यावरचा सर्वांत निरुपयोगी आकडा तोच. रात्री महामार्गावर दुरून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे एकच वाटतात. त्याचा फोटो कितीही मोठा केला तरी एका ठिपक्याचे दोन होत नाहीत. खरा प्रश्न दोन जवळचे बिंदू वेगळे दिसण्याचा आहे. त्याची मर्यादा प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं यावर ठरते, हे जर्मनीतल्या येना इथे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलं. १०० पटीच्या भिंगाखाली तेलाचा थेंब टाकतात तो याचसाठी: तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असल्याने हवेत निसटून जाणारे तिरपे किरणही भिंगात शिरतात. कंडेन्सरखालचा पडदा फार मिटला की चित्र ठसठशीत वाटतं, पण त्याच वेळी बारकावा हरवतो.

एवढं सगळं सांभाळूनही मर्यादा राहते ती सुमारे ०.२ मायक्रोमीटरची. हरण्याच्या विषाणूचा व्यास ०.०३ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या मर्यादेच्या सातव्या हिश्श्याएवढा. तिथे प्रकाशच मोजमापाला जाडा पडतो. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन आणि काचेच्या भिंगांऐवजी चुंबकीय भिंगं वापरली, तेव्हा ही अडचण ओलांडायची वाट खुली झाली. रुस्का यांना त्यासाठी नोबेल मिळालं ते १९८६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी!

अर्थात शेतकऱ्याच्या झाडाची तपासणी काही रोज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने होत नाही. विषाणूच्या प्रथिनाला ओळखणारी एलायझा चाचणी किंवा जनुकीय द्रव्यावरची पीसीआर चाचणी स्वस्त पडते. ऊतिसंवर्धित रोपांसाठी मातृवृक्ष निवडताना अशाच चाचण्या लावतात.

आणि बागेत? हरण्या पसरवतो तो मावा, आणि मावा १० पटीच्या हातभिंगाखाली पाय-मिशांसकट दिसतो. या विषाणूला काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि कितीतरी तणं चालतात. मावा तिथे वाढतो आणि उडत केळीवर येतो. त्यामुळे भिंग खिशात असेल तर केळीच्या पोंग्याआधी बांधावरचं तण आणि शेजारच्या काकडीच्या पानांची खालची बाजू पाहावी.